मधल्या पानांवर सगळं लावावं का?

मंडळी, पत्त्यांवर लिहितोय म्हटल्यावर आमच्याच नातेवाइकांपैकी काहींच्या भुवया उंचावतील. तरी शेवटपर्यंत वाचा. सुरुवात पत्त्यांची असली तरी गोष्ट मलिक अंबरची आहे आणि थोडी आमच्या आजीची.

त्याचं झालं असं की, गेल्या दिवाळीत आम्ही सगळे पाथर्डीच्या घरी जमलो होतो. लक्ष्मीपूजन झालं, फराळ झाला आणि सतरंजीवर पत्ते पडले. आमच्याकडे तीन पत्ती चिंचोक्यांवर खेळतात. पैसे लावायचे नाहीत, हा आजीचा नियम. आजीला जाऊन बरीच वर्षं झाली, पण नियम अजून आहे. या वेळी पुतण्या म्हणाला, "काका, रोज रोज तीन पत्ती काय? टूर्नामेंट पोकर खेळू." प्रत्येकाला सारखे चिंचोके वाटले. ज्याचे संपतील तो उठणार, शेवटी उरेल तो जिंकला. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मध्ये सगळ्यांची मिळून पाच. दोघांनी आळीपाळीनं पानं न बघता सक्तीची पैज ठेवायची, तिला ब्लाइंड म्हणायचं. हे ब्लाइंड ठरावीक वेळानं वाढत जातात. म्हणजे नुसतं बसून राहिलात तरी चिंचोके झिजतात.

तासाभरानं पुतण्याकडे सोळा चिंचोके राहिले. लहान ब्लाइंड एक, मोठा दोन. बाकीचे पॅक झाले. पुतण्यानं लहान ब्लाइंडचा एक चिंचोका ठेवलेला आणि समोर मोठ्या ब्लाइंडला आमच्या आत्या. पुतण्याच्या हातात किलवरचा गुलाम आणि चौकटची अठ्ठी. धड चांगली नाहीत, धड टाकाऊही नाहीत अशी ही मधली पानं. त्यानं शांतपणे उरलेले पंधराच्या पंधरा पुढे ढकलले. आत्यांनी चष्मा सरळ केला, राजा आणि सत्ती घेऊन त्या चालून आल्या आणि जिंकल्या. सगळे हसले. फक्त दादा (म्हणजे त्याचे वडील) हसले नाहीत. "गुलाम-अठ्ठीवर सगळं लावतात होय रे?" एवढंच म्हणाले आणि उठून ओट्यावर गेले.

बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, चिंचोक्यांवरून एवढं काय! पण घरातल्यांना कारण माहीत होतं. दोनेक वर्षांपूर्वी पुतण्यानं पगारातून साठवलेले पैसे मोबाइलवरच्या पोकरमध्ये घालवले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. तो त्याआधीच बाहेर पडला होता, पण दादांच्या मनातून ते गेलेलं नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर चिंचोके नव्हते.

मला मात्र पुतण्याच्या चेहऱ्यावर अपराधीपणा दिसला नाही. रात्री गच्चीवर तो म्हणाला, "काका, पैशांच्या बाबतीत मी चुकलो, ते कबूल. पण आजचा डाव बरोबर होता." आणि त्यानं हिशोब मांडला.

हिशोब असा. पानं टाकली असती तर हातात पंधरा राहिले असते. सगळे लावले आणि आत्या पॅक झाल्या, तर त्यांचे दोन मिळून अठरा झाले असते. आत्या आल्या आणि तो जिंकला तर बत्तीस, हरला तर शून्य. आता समजा, दहापैकी सहा वेळा आत्या पॅक होतात. उरलेल्या चार वेळा येतात आणि आल्यावर तो शंभरात अडतीस वेळाच जिंकतो, म्हणजे त्याची बाजू पडकीच. तरी सरासरी काढली तर साडेपंधराच्या थोडी वर येते. पंधरापेक्षा जास्त! उलट पानं थोडी बरी धरा, शंभरात पंचेचाळीस जिंकणारी, पण समोरचा माणूस कधीच पॅक होत नाही. मग सरासरी येते चौदा पूर्णांक चार. म्हणजे पानं सुधारली आणि डाव तोट्यात गेला!

मी दोनदा कागदावर मांडून पाहिलं. बरोबर आहे. मधल्या पानांची ताकद पानांत फारशी नसते, ती समोरच्याच्या माघारीत असते.

पुढचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. सोळा चिंचोके लावले, तेव्हा आत्यांना आणखी चौदा घालून अठरा मिळवायचे होते. त्यासाठी त्यांना शंभरात निदान चव्वेचाळीस वेळा जिंकायची खात्री हवी. पण पुतण्या चांगल्या पानांची वाट बघत बसला असता, चारच चिंचोके उरले असते आणि मग त्यानं सगळे लावले असते तर? आत्यांना दोन घालून सहा मिळवायचे. शंभरात पंचवीस वेळा जिंकलं तरी पुरे. तेवढं तर जवळजवळ कुठलीही दोन पानं जिंकून देतात. म्हणजे वाट बघण्यात चिंचोके जातातच, शिवाय समोरच्याला वाटणारी भीतीही जाते.

ही अक्कल पोकरवाल्यांना एका दिवसात आलेली नाही. लास व्हेगासच्या बिनियन्स हॉर्सशूमध्ये १९७० साली वर्ल्ड सिरीज सुरू झाली, तेव्हा विजेता चक्क मतांनी निवडला होता. शेवटचा उरेल तो जिंकला, ही पद्धत १९७१ पासूनची. १९८२ साली जॅक स्ट्रॉसनं ती स्पर्धा जिंकली. एका डावात सगळं हरल्यावर त्याच्याकडे एकच चिप उरली होती आणि तिथून तो वर आला, ही गोष्ट पोकरच्या जगात आपल्याकडच्या घोरपडीच्या गोष्टीसारखी सांगतात. पण त्या गोष्टीनं पुष्कळांची दिशाभूल केली असणार. एका चिपवरून परत येणं हा चमत्कार असतो, तो काही कुणी बेत म्हणून आखत नाही.

हिशोबाची बाजू त्याआधीच सुरू झाली होती. जॉन फॉन नॉयमननं १९२८ साली खेळांच्या गणितावर निबंध लिहिला आणि १९४४ मध्ये मॉर्गेनस्टर्नबरोबरच्या ग्रंथात पोकरवर एक स्वतंत्र भाग घातला. त्याच्या साध्या नमुन्यात निष्कर्ष गमतीचा निघाला. पैज मोठी करायची ती उत्तम पानांवर आणि अगदी वाईट पानांवर, मधल्या पानांवर गप्प राहायचं. मग टूर्नामेंटमध्ये मधल्या पानांवर उडी का घ्यायची? कारण तिथं ब्लाइंड वाढतात, गप्प राहायला किंमत पडते. डेव्हिड स्क्लान्स्कीनं २००२ च्या पुस्तकात टूर्नामेंटबद्दल ठासून सांगितलं, की पहिली पैज लावायला जेवढी पानं पुरतात, त्याहून चांगली पानं दुसऱ्याच्या पैजेला सामोरं जायला लागतात. कारण पहिली पैज लावणाऱ्याला समोरचा माघार घेण्याची आशा असते, सामोरं जाणाऱ्याला ती नसते. पुढे डॅन हॅरिंग्टननं आपल्या पुस्तकात, हातातल्या चिप्सवर नुसतं बसून किती फेऱ्या निघतील हे मोजायची पद्धत लोकप्रिय केली. २००६ मध्ये चेन आणि अँकेनमन यांनी तर कुठल्या पानांवर किती चिप्स असेपर्यंत सगळं लावावं याची कोष्टकंच छापली. पुतण्या म्हणाला तो हिशोब यांचा.

हे सगळं ऐकून झोपलो. दुसऱ्या दिवशी गाडीनं पुण्याकडे निघालो. तिसगाव गेलं, करंजीचा घाट उतरलो आणि नगरच्या अलीकडे डोंगरावर तो आठकोनी मनोरा दिसला. चांदबिबीचा महाल म्हणतात त्याला सगळे. खरं तर ती निजामशाहीच्या वजिराची, सलाबतखानाची कबर. पुतण्याला म्हटलं, "थांबव गाडी. तुझा डाव खेळलेला माणूस दाखवतो."

वर चढून गेलो. खाली माळ पसरलेला. त्या माळाच्या एका अंगाला, नगरपासून पंधरा-वीस किलोमीटरवर भातवडी आहे, आजचं भातोडी. तिथं १६२४ साली जी लढाई झाली, ती शाळेत आपण एका ओळीत शिकलो.

आधी मलिक अंबर कोण ते सांगतो. हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला पोर, दक्षिणेत निजामशाहीच्या पेशव्याकडे, चंगीजखानाकडे आला. १६०० साली मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, राज्य बुडालं असं सगळ्यांनी धरलं, तेव्हा या माणसानं दुसरा मुर्तजा निजामशाह गादीवर बसवला आणि राज्य पुन्हा उभं केलं. पुढची पंचवीस वर्षं तो सतत लहान ढीग घेऊन मोठ्या ढिगासमोर बसलेला खेळाडू होता.

आणि तो बहुतेक वेळा पॅक झाला, हे लक्षात ठेवा. १६१६ मध्ये रोशनगावला मोगलांनी त्याला हरवलं, त्यानं वसवलेलं खडकी जाळलं. १६१७ मध्ये शहाजादा खुर्रम आल्यावर त्यानं नगरचा किल्ला आणि मुलूख परत दिला. पुन्हा उचल खाल्ली, १६२१ मध्ये पुन्हा खुर्रम आला आणि त्यानं पुन्हा तह केला. गनिमी काव्याचा हा उस्ताद, पण मानापमानासाठी सगळं पणाला लावायची हौस त्याला नव्हती. देण्यासारखं काही हातात आहे तोवर देऊन तो पुढच्या डावाला बसत होता.

१६२४ मध्ये मात्र देऊन सुटण्यासारखं राहिलं नाही. विजापूरचा इब्राहिम आदिलशाह मोगलांना मिळाला. अंबर विजापुरावर चालून गेला, तेव्हा बुऱ्हाणपुरास गेलेली आदिलशाही फौज मुल्ला मुहम्मद लारीच्या हाताखाली परत फिरली आणि तिच्याबरोबर लष्करखान वगैरे मोगल सरदार आले. अंबर मागं हटत नगरच्या मुलखात आला. किल्ला मोगलांकडेच. सिंदखेडचे लखुजी जाधवराव पूर्वीच मोगलांकडे गेलेले. अंबरनं तडजोडीचे निरोप पाठवले, ते फेटाळले गेले. वय पंचाहत्तरच्या आसपास. आता आणखी मागं हटायचं तर जागा कमी होणार आणि दरवेळी सोबतची माणसंही कमी होणार. ब्लाइंड वाढत चालले होते म्हणा ना.

पानं पाहाल तर मधलीच. घोडदळ चपळ, मुलूख पायाखालचा, सोबत शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी. समोर दोन सत्तांची एकवटलेली फौज.

त्यानं सगळं लावलं. पण लावण्याआधी जे केलं ते महत्त्वाचं. भातवडीला मोठा तलाव होता, याच सलाबतखानाच्या काळात बांधलेला. अंबरनं त्याचं पाणी सोडलं. शत्रूची छावणी आणि वाटा चिखलात गेल्या, वरून पाऊस. तोफा, हत्ती, अवजड सामान रुतून बसलं. रसद तुटली. रात्रीचे छापे सुरू झाले. उपाशी, झोप न मिळालेले शिपाई छावणी सोडून जाऊ लागले. म्हणजे आत्या पॅक होतील की नाही, याची वाट त्यानं पाहिली नाही. त्यानं आत्यांच्या पायाखालची सतरंजीच भिजवली! आणि मग शेवटचा हल्ला केला. लारी मारला गेला, लष्करखान आणि बरेच मोगल व आदिलशाही सरदार कैद होऊन दौलताबादला गेले. उरलेले पळाले. लगेच १६२५ मध्ये अंबरनं सोलापूर घेतलं. १६२६ मध्ये तो गेला, तेव्हा निजामशाही उभी होती.

पुतण्या खूश झाला. "बघा काका! मधली पानं, पण वेळेवर लावली." मी म्हटलं, "थांब जरा. ज्या चांदबिबीचं नाव या इमारतीला चिकटलंय, तिचंही ऐक." १५९५ च्या अखेरीस मोगलांनी नगरला वेढा दिला. सुरुंगानं तट उडाला, तो तिनं रातोरात बांधून काढला. पण पुढच्याच वर्षी तिनं वऱ्हाड देऊन तह केला. म्हणजे पॅक झाली, एक प्रांत गेला, राज्य राहिलं. १६०० मध्ये पुन्हा वेढा पडला, तेव्हाही ती वाटाघाटीच्या विचारात होती आणि आपल्याच लोकांनी तिला फितूर ठरवून मारलं. किल्ला त्यानंतर पडलाच. पॅक व्हायला कधी कधी चालून जाण्याइतकीच हिंमत लागते आणि तिची बखर कुणी लिहीत नाही.

आणि उशिरा लावलं तर काय होतं, याचं उदाहरण मराठी माणसाला शोधावं लागत नाही. पानिपत. १७६० च्या नोव्हेंबरपासून भाऊसाहेब आणि अब्दाली समोरासमोर बसले. दिल्लीची वाट अब्दालीनं अडवलेली. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदीची आशाच मावळली. रोज माणसं आणि जनावरं उपाशी मरत होती, म्हणजे रोज ढीग कमी होत होता. १४ जानेवारी १७६१ ला उपाशी फौज दिल्लीची वाट फोडायला बाहेर पडली. त्या दिवशीही दुपारपर्यंत पारडं इकडचं होतं म्हणतात, पण अब्दालीला माघार घ्यायचं कारण उरलं नव्हतं. त्याच्याकडे ताजी राखीव फौज होती. भाऊंच्या शौर्यावर बोलायची माझी लायकी नाही. एवढंच म्हणतो, की त्या सकाळी सगळं लावणं चूक नव्हतं, दुसरा मार्गच नव्हता. उडी घ्यायची वेळ दीड महिन्यापूर्वी होऊन गेली होती.

घाईघाईनं निष्कर्ष काढायला निघालेल्या पुतण्याला मग मी त्याचंच एक गणित परत ऐकवलं. तिघे उरलेत, तिघांचे चिप्स सारखे आणि बक्षिसं पन्नास, तीस, वीस अशी आहेत. प्रत्येकाचा वाटा सरासरीनं तेहेतीस. आता दोघे भिडले. जिंकणाऱ्याचे चिप्स दुप्पट होतात, पण त्याचा वाटा सहासष्ट होत नाही, त्रेचाळीस होतो. हरणारा तेहेतिसावरून विसावर येतो. मिळवायचे दहा, गमवायचे तेरा. भिडायचं तर शंभरात सत्तावन्न वेळा जिंकायची खात्री हवी. गंमत म्हणजे, काहीच न करता बाजूला बसलेल्या तिसऱ्याचा वाटा मात्र तीनानं वाढतो. खेळातसुद्धा गमावलेली चिप ही मिळवलेल्या चिपेपेक्षा महाग असते.

आणि भातवडीला चिप्स नव्हते. शरीफजी त्या लढाईत पडले. जिंकलेल्या लढाईत शहाजीराजांचा सख्खा भाऊ गेला. बत्तीस चिंचोके मिळाले, या हिशोबात तो कुठं बसवायचा?

गाडीत बसल्यावर त्याला आजीची गोष्ट सांगितली. त्यानं ती कधी ऐकली नव्हती. आमचा तालुका पावसाच्या आडोशाला पडलेला. मृग नक्षत्रात एखादी सर येते, जमीन जेमतेम भिजते आणि कास्तकारापुढे प्रश्न उभा राहतो, पेरायचं की थांबायचं? हेही मधलंच पान. थांबलात तर हंगाम मागं पडतो आणि पेरलंत आणि पावसानं ओढ दिली तर बियाणं मातीत जातं. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षी आबांनी पहिल्या सरीवर बाजरी पेरली, उगवली आणि करपली. दुबार पेरणीला त्यांनी कणगीतलं उरलेलं सगळं बियाणं काढायला सांगितलं. आजीनं अर्धंच दिलं. भांडण झालं, आबा दोन दिवस जेवले नाहीत. तरी ती हलली नाही. दुबार पेरणीही गेली. ते राखलेलं बियाणं मग आम्ही दळून खाल्लं. त्यानंतर घर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलं, सुकडी आणि लाल मिलोवर दिवस काढले. पण मधले ते काही आठवडे त्या बाजरीनं निघाले. आमच्या दादांचं वय तेव्हा सहा वर्षांचं होतं.

पुतण्या बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे आजीनं अर्धं पॅक केलं." मी म्हटलं, "हो, कारण बियाणं खाता येतं. चिंचोके खाता येत नाहीत."

मला स्वतःला यातून जे कळलं ते एवढंच. टूर्नामेंटमधले चिप्स घरी नेता येत नाहीत, त्यांना बाहेर किंमत नाही. ते असतातच लावण्यासाठी. म्हणून तिथं वाट बघण्याची किंमत चढू लागली आणि समोरच्याला अजून माघार परवडत असली, तर गुलाम-अठ्ठीवर सगळं ढकलणं शहाणपणाचं असतं. पुतण्या त्या रात्री बरोबर होता. दोन वर्षांपूर्वी तो चुकला, ते पानांच्या निवडीत नव्हे. त्यानं कणगीतलं बियाणं चिंचोक्यांसारखं पुढे ढकललं होतं. अंबरकडे वेगळी कणगी नव्हती, त्याचं राज्य हाच त्याचा ढीग होता. म्हणून त्यानं आधी दोनदा मुलूख दिला आणि सगळं लावायची वेळ आलीच, तेव्हा आधी तलाव फोडला.

पुण्याला पोचल्यावर पुतण्यानं दादांना फोन केला. काय बोलला ते मला माहीत नाही, मी मुद्दामच आत गेलो. दोन-तीन दिवसांनी दादांचाच फोन आला. इकडचं तिकडचं बोलले आणि शेवटी म्हणाले, "त्या पोरानं मला बेरीज करून दाखवली. साडेपंधरा येतात खरं."

असो. पुढच्या दिवाळीला सतरंजीवर पुन्हा चिंचोकेच असतील. ज्यांना यायचंय त्यांनी आधी कळवा, आत्या सध्या फॉर्मात आहेत. आणि तुमच्या घरात अशी अर्धं बियाणं राखणारी कुणी आजी असेल, तर तिच्याबद्दल जरूर लिहा.